जुना डीएसपी बॉक्स घेतला तर हेडफोनमधला उशीर जाईल का?

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात राजारामपुरीत घराच्या वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे. विंडोजचा लॅपटॉप, चार इन-चार आउटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला देणारा आणि परत हेडफोनला आणणारा डबा) आणि रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. काम बहुतेक ज्योतिबाच्या आणि मंडळांच्या गाण्यांचं, अधूनमधून पोवाडा. गाताना गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो आणि बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा गठ्ठा घेतो तो) कमी केला की सगळं तडतडायला लागतं. ओळखीतला एक जण युनिव्हर्सल ऑडिओचा जुना यूएडी-2 सॅटेलाइट विकतो आहे, म्हणजे प्लगइन्स (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम) स्वतःच्या डीएसपी चिप्सवर चालवणारा बाहेरचा डबा. तो घेतला तर लॅपटॉपवरचा भार आणि हा उशीर दोन्ही जातील का? शिवाय हाताशी रॅकमधला एक खरा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं यंत्र) आहे. तो रीपरमध्ये इन्सर्ट म्हणून लावला, म्हणजे ट्रॅकचा आवाज त्यातून फिरवून परत घेतला की ढोलकी मागे पडते, ती का?

आधी सरळ उत्तर देतो. भार थोडा हलका होईल, उशीर जाणार नाही. गाणं सुरू असताना गायकाचा आवाज त्या बॉक्समधून फिरवून हेडफोनला द्याल, तर उशीर वाढेल. त्यामुळे या कारणासाठी सॅटेलाइट घेऊ नका. कारण समजून घेतलंत तर पुढचा कुठलाही बॉक्स घेताना पैसे योग्य जागी जातील.

हार्डवेअरवर चालणारी प्लगइन्स म्हणताना दोन वेगळी यंत्रं एकाच तोंडाने बोलली जातात. पहिलं म्हणजे सॅटेलाइटसारखा बॉक्स किंवा पीसीआय कार्ड. त्याला माइक लावायची जागा नाही, हेडफोनची नाही. आत फक्त हिशेब करणाऱ्या चिप्स आहेत. यूएडी-2 मध्ये ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या शार्क नावाच्या. दुसरं म्हणजे ज्या इंटरफेसच्या पोटातच अशी चिप आहे तो. युनिव्हर्सल ऑडिओचे अपोलो त्या जातीचे, आरएमईचा फायरफेस यूसीएक्स-2 त्या जातीचा, आणि कमी पैशात स्टाइनबर्गचे यूआर22सी, यूआर44सी सुद्धा. दोन्हींत चिप आहे. फरक आहे तो चिप आवाजाच्या वाटेवर कुठे बसली आहे याचा, आणि तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या एका फरकात आहे.

आवाजाची वाट बघू. माइक, प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारा), कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा), मग यूएसबीने लॅपटॉप, रीपर, प्लगइन, पुन्हा यूएसबी, पुन्हा कन्व्हर्टर, हेडफोन. लॅपटॉप नमुने (सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणी घेतलेली मापं) एकेक करून घेत नाही, गठ्ठ्याने घेतो. बफर 256 नमुन्यांचा आणि सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने, असेल तर एक गठ्ठा 5.3 मिलिसेकंदांचा. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे 10.7. त्यावर ड्रायव्हरची राखीव जागा आणि दोन्हीकडचे कन्व्हर्टर धरले की साधारण 13 ते 15 मिलिसेकंद होतात. हाच तुमच्या गायकाला टोचणारा उशीर.

आता त्या वाटेवर सॅटेलाइट जोडा. रीपरकडे आलेला गठ्ठा आणखी एका केबलने बाहेर जातो, बॉक्समध्ये हिशेब होतो, मग तो परत येतो. या फेरीला निदान आणखी एक गठ्ठा लागतो. एका ट्रॅकवर अशी तीन प्लगइन्स एकापुढे एक लावली तर तीन फेऱ्या. बफर 512 असेल तर एक फेरी 10.7 मिलिसेकंदांची, तीन मिळून 32. आधीच रेकॉर्ड झालेलं गाणं वाजवताना हे कळत नाही, कारण रीपर बाकीचे ट्रॅक तेवढेच थांबवून सगळं जुळवून घेतो. वाजून गेलेल्या आवाजाला थांबवता येतं. समोर उभ्या असलेल्या गायकाच्या गळ्याला थांबवता येत नाही, म्हणून थेट ऐकण्यात ही भरपाई कामाची नाही.

पोटात चिप असलेल्या इंटरफेसमध्ये हीच चिप कन्व्हर्टरला लागून बसते. माइकचा आवाज लॅपटॉपकडे जाण्याआधी चिपमधून जातो आणि तिथूनच हेडफोनकडे वळतो. विंडोज, यूएसबी, रीपर, बफर यांतलं काहीच मधे येत नाही. अपोलोमध्ये ही पूर्ण फेरी साधारण 2 मिलिसेकंदांच्या आत होते, मग रीपरचा बफर 1024 असला तरी. हा त्या चिपच्या ताकदीचा चमत्कार नाही. आजच्या चांगल्या लॅपटॉपचा प्रोसेसर शार्क चिपपेक्षा कितीतरी जास्त काम करतो. पण प्रोसेसरला वायफाय, स्क्रीन, बॅटरी, अपडेट अशी शंभर माणसं हाका मारत असतात आणि ती चिप फक्त आवाजाचंच काम करते, ठरलेल्या क्षणी ठरलेलं. म्हणून तिला मोठा गठ्ठा साठवून ठेवावा लागत नाही.

प्रो टूल्सच्या एचडीएक्स कार्डावर स्टुडिओ एवढा खर्च का करतात, त्याचंही हेच कारण आहे. 2011 साली आलेल्या त्या एका कार्डावर 18 डीएसपी चिप्स आहेत. वीस माणसं एकाच वेळी वाजवत असताना प्रत्येकाच्या कानात उशीर न होता मिक्स द्यायचा असेल तर ते लागतं. तुमच्या खोलीत एका वेळी दोन माइक चालतात. तुम्हाला त्याची गरज नाही.

आता उशिराबद्दल जरा थांबून बोलू, कारण गायकाच्या तक्रारीकडे इथे बरेचदा दुर्लक्ष होतं. “सवय होईल” असं सांगून टेक घेतात आणि मग सूर का हलतोय म्हणून गायकालाच दोष देतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटीमीटर जातो. एक मीटरवर बसलेल्या पेटीचा आवाज गायकाला 3 मिलिसेकंद उशिरा येतो आणि त्याला काहीच वाटत नाही. मग हेडफोनमधले 3 मिलिसेकंद का खुपतात? कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो, आणि तोच आवाज हेडफोनमधून उशिरा आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. काही स्वर वाढतात, काही पुसले जातात. 3 मिलिसेकंद उशिराला 167, 500, 833 हर्ट्झच्या आसपास खड्डे पडतात. पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा नेमका तिथे असतो. गायक म्हणतो, “आवाज पोकळ येतोय.” त्याला उशीर म्हणून कळत नाही, पोकळपणा म्हणून कळतो. उशीर 10-12 च्या पुढे गेला की मग तो लयीत अडखळायला लागतो. पोवाड्यात शाहीर डफावर स्वतः थाप मारत गात असेल तर ते आणखी लवकर होतं, कारण हाताची थाप त्याला थेट ऐकू येते आणि शब्द मागून येतात.

म्हणून खर्च करण्याआधी एक गोष्ट आजच करा. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण किंवा मिक्सचा नॉब असेलच. तो इनपुटकडे फिरवा. माइकचा आवाज लॅपटॉपला न जाता थेट हेडफोनला जाईल, उशीर जवळजवळ शून्य. रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर दोन आवाज येतील. यावर लोकांची तक्रार असते की आवाज कोरडा लागतो, रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी गुंज) नसला की गाता येत नाही. तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय असा: त्याच माइकसाठी रीपरमध्ये दुसरा ट्रॅक घ्या, त्याचं मॉनिटरिंग चालू ठेवा आणि त्यावर रीव्हर्बेट हे रीपरचं रिव्हर्ब प्लगइन लावून ड्राय (कोरडा आवाज) पूर्ण शून्यावर आणा, फक्त वेट (रिव्हर्ब) ठेवा. आता कोरडा आवाज इंटरफेसमधून तत्काळ येतो आणि रिव्हर्ब लॅपटॉपमधून 13-14 मिलिसेकंदांनी. रिव्हर्बला हा उशीर अजिबात बाधत नाही, कारण कुठल्याही खऱ्या दालनात भिंतीवरून परतणारा आवाज तेवढा उशिरा येतच असतो. मिक्स करताना आपण हाच उशीर प्री-डिले म्हणून मुद्दाम ठेवतो. ट्रॅकवर लावलेलं प्लगइन रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे टेक कोराच राहतो. तेच प्लगइन रीपरच्या इनपुट एफएक्समध्ये लावलंत तर मात्र ते फाइलमध्ये कायमचं उतरतं. हे दोन खाने एकमेकांशेजारी आहेत, तेवढं बघून घ्या.

माझं स्पष्ट मत आहे की भक्तिगीतं आणि मंडळांची गाणी करणाऱ्या स्टुडिओची नव्वद टक्के गरज एवढ्यात भागते.

लॅपटॉप तडतडतो त्याचं वेगळं बघावं लागेल. बफर 64 वर आणला की प्रोसेसरला दर 1.3 मिलिसेकंदांत हिशेब पूर्ण करून द्यायचा असतो. त्यात एखाद्या ड्रायव्हरने वाट अडवली की तड् असा आवाज येतो, मग प्रोसेसरचा मीटर 20 टक्केच दाखवत असला तरी. लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्राम दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर अडवतो ते नावासकट सांगतो. बऱ्याचदा वायफाय किंवा बॅटरीचं नियंत्रण सापडतं. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, चार्जर लावलेला, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, आणि इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिरासाठीचा) ड्रायव्हर. मिक्स करताना बफर बिनधास्त 1024 ठेवा आणि जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे प्रक्रियेसकट त्यांची तात्पुरती फाइल करून प्लगइन्स बंद ठेवा. भार हलका करायला फ्रीझइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

आता कोणाला डीएसपीचा खरा उपयोग? ज्याला गातानाच कॉम्प्रेसर, इक्यू, प्रीॲम्पचा रंग लावून ऐकवायचा आहे त्याला. कॉम्प्रेस झालेला आवाज कानात आला की गायक वेगळा गातो. हळू शब्द टाकायला धजतो, माइकपासून मागेपुढे कमी होतो. हा फायदा मिक्समध्ये नंतर मिळत नाही, कारण टेक होऊन गेलेला असतो. माझ्या मते डीएसपी इंटरफेसला पैसे द्यायचं हेच एक पटणारं कारण आहे.

अपोलो घेतलात तर त्याच्या कन्सोल या प्रोग्राममध्ये एक निवड असते: इफेक्ट फक्त ऐकायचा की रेकॉर्डही करायचा. नवीन असाल तर फक्त ऐकण्यावर ठेवा. पण सगळ्यात वरच्या, प्रीॲम्पच्या खान्यात लावलेलं युनिसन प्लगइन या निवडीला जुमानत नाही, ते नेहमी रेकॉर्ड होतं. ते माइक प्रीॲम्पचा गेन आणि इम्पिडन्सच बदलतं, म्हणजे आवाज उगमालाच बदललेला असतो.

रेकॉर्डमध्ये काय उतरवावं याबद्दल माझा कल वाद्यागणिक वेगळा आहे. गायकाच्या आवाजावर एलए-2ए सारखा संथ कॉम्प्रेसर तीन-चार डीबी दाबत असेल तर खुशाल रेकॉर्ड करा. हलगीवर मात्र करू नका. हलगी, घुमकं, कैताळ हा ताफा कुस्तीच्या मैदानासाठी घडलेला आहे. त्याची थाप इतक्या झटक्यात उठते की एलए-2ए जागा होईपर्यंत, म्हणजे सुमारे 10 मिलिसेकंदांत, ती निघून गेलेली असते. मग कॉम्प्रेसर दाबतो तो थापेमागच्या गुंजेला, आणि पुढची थाप येते तेव्हा तो अजून पूर्ण सुटलेला नसतो. ताफ्याचा आवाज दम लागल्यासारखा होतो. 1176 या झटपट कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 20 ते 800 मायक्रोसेकंद, तो थापेला पकडतो. पण जास्त पकडला तर हलगीची धारच जाते. ही निवड घाईत, वाजवणारे समोर ताटकळत असताना करू नये. 24 बिटमध्ये शिखर उणे 12 डीबीवर ठेवून कोरं रेकॉर्ड केलंत तरी आवाजाच्या दर्जात काही कमी होत नाही. कॉम्प्रेसर नंतर, शांतपणे.

चिपच्या मर्यादाही माहीत असाव्यात. एक प्लगइन एकाच चिपवर पूर्ण मावावं लागतं, ते दोन चिप्समध्ये वाटता येत नाही. त्यामुळे चार चिप्सच्या बॉक्सवर मीटर 70 टक्के दाखवत असताना नवं प्लगइन चढत नाही असं होतं. प्रत्येक चिपवर थोडी थोडी जागा उरलेली असते आणि कुठेच पुरेशी नसते. अशा वेळी सगळी प्लगइन्स बंद करून, जड आधी आणि हलकी नंतर या क्रमाने पुन्हा चालू केली की बरेचदा जागा निघते. 96 किलोहर्ट्झवर काम केलंत तर बहुतेक प्लगइन्सचा भार दुप्पट होतो. मंडळाची गाणी 48 वरच करा.

2022 पासून युनिव्हर्सल ऑडिओनेच आपली बरीच प्लगइन्स साध्या प्रोसेसरवर चालणारी म्हणून द्यायला सुरुवात केली आहे. त्यांना बॉक्स लागत नाही, आयलॉकचं (परवाने सांभाळणाऱ्या सेवेचं) खातं लागतं. त्यामुळे केवळ त्या प्लगइन्सच्या आवाजासाठी जुना सॅटेलाइट घेण्याचं कारणही आता फारसं उरलेलं नाही. तरीही स्वस्तात मिळतोय म्हणून मोह झालाच, तर पोर्ट कुठला ते बघा. फायरवायरचे सॅटेलाइट मुख्यतः मॅकसाठी होते, थंडरबोल्टचा तसा पोर्ट असलेल्या लॅपटॉपलाच चालतो; विंडोजच्या साध्या लॅपटॉपला यूएसबी 3 चा लागतो. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे विकणाऱ्याने आपल्या खात्यातून बॉक्स आणि प्लगइनचे परवाने तुमच्या खात्यावर रीतसर बदलून दिले पाहिजेत. ते होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. त्याहून जुनी यूएडी-1 कार्डं आणि टीसी इलेक्ट्रॉनिकची पॉवरकोअर अजून फिरताना दिसतात. त्यांना आजच्या विंडोजमध्ये आधार नाही, फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता तुमचा खरा कॉम्प्रेसर. इथे चिपचा काही संबंध नाही, पण उशिराचं गणित तेच. रीपर ढोलकीचा ट्रॅक आउटपुट 3 मधून बाहेर पाठवतो, तो कॉम्प्रेसरमधून जाऊन इनपुट 3 मधून परत येतो. पूर्ण फेरी, म्हणजे पुन्हा 13-15 मिलिसेकंद. 120 च्या लयीत मात्रेचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या दहाव्या भागाहून जास्त ढोलकी मागे गेली तर लावणीची उठान बसलीच म्हणून समजा.

हे करायला रीपरमध्ये रीइन्सर्ट नावाचं प्लगइन आहे. साध्या सेंडने पाठवू नका, रीइन्सर्ट वापरा, त्यात पिंग करा. तो एक टिचकी पाठवून परत यायला किती नमुने लागले ते मोजतो आणि तेवढी भरपाई लावतो. पिंग करताना कॉम्प्रेसर बायपासवर ठेवा आणि स्पीकर बंद ठेवा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की जुना आकडा बाद, पिंग पुन्हा. ढोलकी मागे पडण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच असतं: रेकॉर्डिंगच्या बफरवर पिंग केलेलं असतं आणि मिक्सला बफर वाढवलेला असतो.

पिंग बरोबर असूनही सगळेच टेक थोडे मागे पडत असतील तर ड्रायव्हर रीपरला उशिराचा आकडा चुकीचा सांगत असण्याची शक्यता आहे. ते तपासायला आउटपुट 3 मधून इनपुट 3 मध्ये थेट केबल लावा, क्लिक वाजवून रेकॉर्ड करा आणि दोन्ही लाटा मोठ्या करून बघा. जितक्या नमुन्यांचा फरक दिसेल तो रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये हाताने भरता येतो.

पातळी जुळवणं लोक विसरतात. प्रोफेशनल ॲनालॉग यंत्रं अधिक 4 डीबीयूला, म्हणजे 1.23 व्होल्टला आपल्या नेहमीच्या जागी चालतात. रीपरमध्ये सरासरी उणे 18 डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे डिजिटलची कमाल पातळी) आसपास ठेवून पाठवलंत तर बऱ्याच इंटरफेसवर त्या जागेच्या जवळपास पोचतं. शून्याला टेकलेला ट्रॅक तसाच पाठवलात तर कॉम्प्रेसरचा इनपुटच फाटतो आणि माणूस कॉम्प्रेसरला नावं ठेवतो.

रेंडर करताना (गाण्याची अंतिम फाइल काढताना) ऑनलाइन रेंडर, म्हणजे गाण्याच्याच वेगाने होणारं, निवडा. डीएसपीचा बॉक्स आकड्यांवर काम करतो, त्याच्यासोबत ऑफलाइन रेंडर होतं. खऱ्या कॉम्प्रेसरमधून विजेचा प्रवाह जातो, त्याला चार मिनिटांचं गाणं चार मिनिटंच लागतं. मी तर इन्सर्ट ठेवतच नाही. ढोलकी कॉम्प्रेसरमधून एकदा फिरवून नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करतो, नॉबचा फोटो काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि इन्सर्ट काढून टाकतो. डीएसपी प्लगइनवरही हाच नियम लावा. आपल्याकडे गेल्या वर्षीच्या गाण्यात मंडळाचं किंवा अध्यक्षांचं नाव बदलून द्या म्हणून गणपतीच्या आधी लोक येतातच. त्या वेळी बॉक्स विकलेला असेल किंवा बिघडलेला असेल तर प्लगइन उघडणार नाही, आणि जुना मिक्स हुबेहूब परत येणार नाही. प्रत्येक ट्रॅक प्रक्रियेसकट वेगळा रेंडर केलेला असेल तर फक्त नावाची ओळ गाऊन घेतली की काम झालं.

शेवटी विजेचं. वळवाच्या पावसात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण ॲडॉप्टरवर चालणारा डीएसपी बॉक्स किंवा इंटरफेस बंद पडतो आणि रीपर बहुतेक तिथेच अडकतो. टेकही जातो. अशा यंत्राला छोटा यूपीएस लावाच. त्याचा वीजवापर फार नसतो, साधा कॉम्प्युटरचा यूपीएस पुरतो. कॉम्प्रेसर जोडल्यावर 50 हर्ट्झची घरघर आली तर आधी सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या आणि दोन्ही बाजूंना बॅलन्स्ड टीआरएस केबल वापरा. अर्थिंगची पिन कधीही काढू नका. घरघर तरीही राहिली तर वायरमनला बोलावून खोलीचं अर्थिंग मोजून घ्या. जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर ते बरेचदा नावापुरतंच असतं.